साथीची भीती आणि हाफकिन: प्लेगच्या लशीमागचा माणूस

साथ सुरू झाली की दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न बदलतात. एरवी गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढंच विचारणारे तुम्ही त्या दिवसांत वेगळंच विचारता. शेजारी पेशंट निघालाय, आम्ही काही दिवस मळ्यात राहायला जाऊ का? तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली तर गल्लीत कळेल का? अमुक गावात लस घेतल्यावर एक जण गेला म्हणतात, ते खरं का?

हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. करोनात ते मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनीही विचारले. आणि ते नवेही नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक हेच विचारत होते, आणि त्यांच्यापुढे उभं राहून उत्तर देण्याची पाळी ज्या माणसावर आली, त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे ते वाल्देमार हाफकिन. संस्थेचं नाव सगळ्यांना माहीत असतं, माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. म्हणून आज आजाराऐवजी या माणसाबद्दल लिहितो आहे. अर्थात प्लेगबद्दलही थोडं सांगणारच.

ओडेसाहून कलकत्त्यापर्यंत

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज ते युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू भेटले. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे तेच मेचनिकोव्ह. त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत. अशा हल्ल्यांपासून आपल्या लोकांचं रक्षण करणाऱ्या तरुणांत हाफकिन होते आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. जमावाला भीती आणि संताप चढला की तो काय करू शकतो, हे त्यांनी विशीतच पाहिलं होतं.

शिक्षण झालं तरी ज्यू माणसाला विद्यापीठात प्राध्यापकी मिळेना. धर्म बदलला असता तर मिळाली असती; त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. तिथे मिळालेली नोकरी ग्रंथालयातल्या सहायकाची. पुस्तकं लावून झाली की उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम.

एक गोष्ट आम्हा डॉक्टर मंडळींना जरा झोंबणारी आहे: हाफकिन डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. भारतातल्या सरकारी वैद्यकीय खात्यातल्या अनेक अधिकाऱ्यांना हे शेवटपर्यंत खुपलं, आणि पुढे त्याची किंमत हाफकिन यांनाच मोजावी लागली.

पॅरिसमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. आधी गिनीपिग आणि सशांवर पाहिलं. मग १८ जुलै १८९२ रोजी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखलं, काही दिवसांत सगळं उतरलं. नंतर काही मित्रांनी टोचून घेतली. युरोपातले मोठे शास्त्रज्ञ मात्र बिचकूनच होते. कॉलरा तर खरा बंगालात होता. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

इथे त्यांना एक गोष्ट लवकर कळली. लस चांगली असणं आणि लोकांनी ती घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान या वस्तीत कॉलरा होता. तिथे हाफकिन आणि त्यांच्याबरोबरचे भारतीय डॉक्टर पोचले तेव्हा लोक खवळले, दगड आले. तेव्हा जमलेल्या लोकांसमोर आधी डॉक्टरांनी टोचून घेतलं. त्यानंतर हळूहळू माणसं पुढे आली, आणि २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत कॉलऱ्याचे जे रुग्ण निघाले ते सगळे लस न घेतलेल्यांतले होते.

ही पद्धत त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. आधी स्वतः घ्यायची, मग विचारायचं. सक्ती करायची नाही. आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचीही नोंद ठेवायची, म्हणजे फरक दिसतो.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी बंदराच्या भागात, धान्याच्या वखारींजवळ, माणसं तापाने पटापट जाऊ लागली. जांघेत, काखेत गाठ यायची, तीन-चार दिवसांत माणूस जायचा. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं ओळखलं. मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात किंवा गाठीचा ताप म्हणू लागले.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसात येतो कसा, हे ठाऊक नव्हतं. आज तुम्हाला शाळेतलं पोरही सांगेल की उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची पिसू माणसाला चावते. ही पिसूची गोष्ट सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडली आणि तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं लागली. म्हणजे १८९६-९७ मध्ये सरकारपासून हमालापर्यंत सगळेच अंधारात होते. अंधारात असलेला माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस काहीतरी करतोच. काय केल्याने उपयोग होईल ते माहीत नसेल तर दिसेल ते करतो.

सरकारने जे दिसलं ते केलं. घरं धुतली, गटारांत जंतुनाशकं ओतली, भिंती फोडून उजेड आणला, पेशंटचे कपडे-अंथरुणं जाळली, पेशंटला ओढून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हो, २०२० मध्ये करोनाच्या वेळी लावला तोच. रेल्वे स्टेशनांवर उतारूंच्या काखा-जांघा चाचपू लागले, बायकांच्यासुद्धा. पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट घालून गेले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला. तो इतिहास तुम्हाला माहीत आहे. मी डॉक्टर म्हणून एवढंच बघतो की त्या सगळ्या धरपकडीने पिसू कमी झाल्या नाहीत. पेशंट मात्र लपले.

हे लपणं समजून घ्या. आजारी माणसाला माळ्यावर, कपाटामागे दडवायचे. मेलेल्याला गुपचूप पुरायचे. कारण इस्पितळात गेलेला परत येत नाही, असं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते खरंच होतं. प्लेगवर औषध नव्हतं, आणि लपवून ठेवलेला पेशंट अगदी शेवटच्या घटकेला तिथे पोचायचा. मग अफवा उठल्या. इस्पितळात माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात. राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं म्हणून तिने मुंबईकरांची काळजं मागितली आहेत. आपल्याला आज हसू येतं. पण करोनात किडनी काढून घेतात, पॉझिटिव्ह दाखवल्याचे पैसे मिळतात, हे मेसेज तुम्हीच मला दाखवले आहेत. काळजाच्या जागी किडनी आली, बाकी फार फरक नाही.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर चालून गेला. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय, जिथे २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण ठेवले होते. १८९७ च्या सुरुवातीला साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. ज्यांच्या गाठोड्यात, धान्याच्या पोत्यात पिसू होत्या त्यांनी त्या रेल्वेने आपापल्या गावी नेल्या.

याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पेशंटची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लोक पेशंटपासून पळत होते त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

एक खोली, एक व्हरांडा

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी प्लेगची लस करायला घेतली.

लस कशी केली ते सांगतो, कारण त्यात आपल्या घरातली एक वस्तू आहे. जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागतं. युरोपात ते गोमांसाचं करत. इथे ते चालणार नाही हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. त्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांखाली झुंबरासारखे लोंबत वाढतात. बाटली हलवली की ते तळाशी पडतात आणि वर पुन्हा नवे धरतात. असे काही आठवडे वाढवून मग सगळं तापवून जंतू मारून टाकायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेल्या जंतूंची लस. तुमच्यापैकी ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली त्यांनी याच कल्पनेची लस घेतली. तीत मारलेला विषाणू होता, इथे मारलेला जीवाणू होता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याच्या तिप्पट-चौपट मोठा डोस. ताप चढला, दुखलं. ते काम करत राहिले.

त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांना विचारलं. सुमारे दीडशे जण तयार झाले, त्यांहून थोडे जास्त तयार झाले नाहीत. सगळे एकाच छपराखाली, एकच अन्न. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मेला कुणी नाही. कैद्यांवर असा प्रयोग करायला आज कुठलीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? पण त्या काळात निदान विचारलं गेलं, एवढं नोंदवतो.

पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. नंतर ज्या २८ घरांत प्लेग आला त्यांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ गेले. हे आकडे नीट वाचा. लस घेऊनही ८ जण आजारी पडले, तिघे मेले. ती पूर्ण कवच नव्हती, आणि हाफकिन यांनी ते लपवलं नाही. लस घेऊनही झालाच की, असं तुम्ही जेव्हा म्हणता तेव्हा मला ती २८ घरं आठवतात.

खोजा समाजाचे प्रमुख आगा खान तेव्हा विशीतले होते. त्यांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली, हाफकिन यांना कामासाठी आपली इमारत दिली, आणि त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी लस टोचून घेतली. जातीजातींनी आपली इस्पितळं उघडली, तिथे आपलीच माणसं, आपलंच जेवण. मग लोक पेशंट घेऊन येऊ लागले. सरकारलाही मार्च १८९८ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर उमगलं आणि हळूहळू घरझडत्या, सक्तीच्या छावण्या मागे पडल्या. लस घेतल्याचा दाखला असला की छावणीतून सूट मिळे. ही गोड सक्तीच म्हणायची. तरी दंडाला धरून कुणाला टोचलं नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. मुंबईच्या गव्हर्नरांचा एके काळचा तो वाडा. तिथून देशभर आणि देशाबाहेर लाखो डोस जाऊ लागले.

आपल्या खानदेशात

प्लेग रेल्वेमागोमाग खानदेशातही आला. फैजपूर, सावदा, यावल भागातल्या कितीतरी घरांत पणज्यांच्या तोंडून आलेली एक आठवण असते: उंदीर पडला की गाव सोडायचं आणि मळ्यात झोपडी करून राहायचं. पाऊसपाणी सुरू होईपर्यंत तिकडेच चूल.

हे लोकांचं घाबरणं होतं, पण ते शहाणं घाबरणं होतं. पिसू मेलेला उंदीर सोडून माणूस शोधते. ज्या घरात उंदीर मरतात ते घर रिकामं करणं हा तेव्हा उपलब्ध असलेला सर्वांत चांगला उपाय होता, आणि तो लोकांनी कुठल्याही साहेबाच्या आधी शोधला होता. मळ्यात जाणं आणि आगगाडीत बसून दुसऱ्या गर्दीत जाणं, या दोहोंत मात्र फार फरक आहे. भीती वाटते म्हणून तुम्ही काय करता, डॉक्टर म्हणून मी तेवढंच बघतो. भीती वाटूच नये असं सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण आपल्याच भागाने १९९४ मध्ये पाहिलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण निघाले, आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. सुरतेत कामाला गेलेला खानदेशी माणूस किती, हे तुम्हाला सांगायला नको. उधना, लिंबायत भागात अहिराणी ऐकू येते. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. ताप्ती लाईनच्या गाड्या नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळकडे भरभरून आल्या. सुरतेतले काही खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघून गेले, हे आमच्या व्यवसायाला शोभणारं नव्हतं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. ज्यांना गरज नव्हती त्यांच्या खिशात होत्या, ज्यांना होती त्यांना शोधाव्या लागल्या. त्या साथीत मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, आणि ती काही आठवड्यांतच आटोपली.

तेव्हा प्लेगवर औषध होतं, म्हणजे १८९६ सारखी परिस्थिती नव्हती. आजही आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही साधी, जुनी, स्वस्त प्रतिजैविकं प्लेगवर चालतात. अट एकच, ती लवकर सुरू झाली पाहिजेत. गाठीचा प्लेग पिसूतून होतो, सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. फुप्फुसाचा मात्र खोकल्यातून होतो आणि त्यात पहिल्या २४ तासांत औषध मिळणं महत्त्वाचं. म्हणून जो माणूस गळ्याशी आलेला ताप लपवून गाडीत बसतो तो स्वतःचाच उपचाराचा वेळ घालवतो आणि डब्यातल्या इतरांनाही धोक्यात घालतो. तुमच्या कपाटात कुठल्याही साथीसाठी जमवून ठेवलेल्या प्रतिजैविकांची पाकिटं असतील तर तीही तुमच्या उपयोगाची नाहीत. कुठल्या तापाला कुठली, हे पाकिटावरून कळत नाही.

मुलकोवाल

आता हाफकिन यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट भाग.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना प्लेगची लस टोचली. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताणलं, आणि ते सगळे गेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. बाकीच्या चार बाटल्यांतली लस घेतलेले ८८ जण ठणठणीत राहिले.

त्या एकोणीस घरांचं दुःख खरं होतं आणि लोकांची भीतीही रास्त होती. प्रश्न होता की धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत कुठे शिरला. परळला बाटली भरताना, की गावात बाटली उघडताना?

सरकारने चौकशी आयोग नेमला. हाफकिन यांनी नुकतीच लस बनवायची रीत थोडी बदलली होती. उत्पादन वाढावं म्हणून कार्बोलिक ॲसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पॅरिसमध्ये तसंच करत. आयोगाने तिथेच बोट ठेवलं आणि दोष प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

कागदपत्रं मात्र वेगळं सांगत होती. बाटली पाच-सहा आठवडे आधी भरलेली होती. एवढे दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते तर बाटली उघडताच घाण वास आला असता. गावातल्या डॉक्टरला कसलाही वास आला नव्हता. आणि आत विष साठलेलं असतं तर माणसं लगेच आजारी पडली असती, दिवस गेले नसते. आयोगापुढे असंही आलं होतं की त्या दिवशी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तोच नीट निर्जंतुक न करता बाटलीचं बूच काढायला वापरला. जमिनीच्या मातीत, शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे. पायात खिळा गेला की इंजेक्शन घ्यायला येताच की.

हे सगळं समोर असताना निकाल उलटा का लागला? माझ्या मते तिथेही भीतीच होती, फक्त या वेळी ती सरकारला वाटत होती. सरकारला लवकर एक दोषी हवा होता. परदेशी, ज्यू, रशियातून आलेला, डॉक्टर नसलेला माणूस सोयीचा होता. मुंबईत लोकांनी अफवेवर विश्वास ठेवला म्हणून त्यांना अडाणी म्हणणाऱ्या साहेबांनी इथे स्वतः तेच केलं. त्यानंतरच्या वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसं गेली. त्यातली किती लशीने वाचली असती, ते मोजणं शक्य नाही.

मलेरिया डासातून पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या टाइम्समधून हे प्रकरण लावून धरलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले.

लशीनंतर कुणी दगावल्याची बातमी तुमच्यापर्यंत येते तेव्हा विचारायचे प्रश्न मुलकोवालनेच शिकवले आहेत. एकाच कुपीतल्या बाकीच्यांचं काय झालं? एकाच बॅचच्या, पण दुसऱ्या गावात दिलेल्या डोसांचं काय झालं? त्रास किती तासांनी सुरू झाला? आज बाळाच्या लसीकरण कार्डावर तारीख लिहितात, कुपीचा बॅच नंबर नोंदवतात, एका बाळाला वापरलेली सुई पुन्हा वापरताच येत नाही अशी सिरिंज देतात, आणि लस दिल्यावर तुम्हाला अर्धा तास बसवून ठेवतात. कंटाळून उठून जाऊ नका. काही झालं तर आशाताईंना, आरोग्य केंद्राला कळवा. कळवलेल्या घटनेची चौकशी होते, व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली होत नाही.

परत आले, पण

निर्दोष ठरल्यावर हाफकिन भारतात परतले. परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमलं, जिथे लस बनवायच्या पुरेशा सोयी नव्हत्या. कॉलऱ्याची नवी, मारलेल्या जंतूंची लस लोकांवर तपासून पाहायची त्यांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही. लेख लिहीत त्यांनी ती वर्षं काढली आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. उतारवयात ते धार्मिक झाले, ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी आपली पुंजी ठेवली, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात वारले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, त्यांचं नाव दिलं गेलं. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्यांची प्लेगची लस आता कुणाला द्यावी लागत नाही. प्रतिजैविकं आली, डीडीटी आलं, घरं बदलली. पण त्यांचं नाव आपल्या भागात दुसऱ्याच कारणाने येतं. वीज रात्रीची असते म्हणून केळीच्या बागेत पाणी भरायला माणूस रात्री जातो आणि साप चावतो. त्याला सरकारी रुग्णालयात नेलं तर जी सर्पदंशाची लस शिरेतून देतात, तिच्या कुपीवर अनेकदा हाफकिन हे नाव छापलेलं असतं. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, हाफकिन यांनी तिच्यावर कधी काम केलं नव्हतं. कुपी फोडण्याआधी सिस्टर तिच्यावरचा बॅच नंबर केसपेपरवर उतरवून घेतात.